माटोळीच्या मधली जागा

डिचोलीच्या बाजारात कांगण्यांचे, त्या रानफळांचे, घोस दिसायला लागले की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे दुखणं ओवा खाऊन जाणारं नव्हे. चवथ, आमची गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली असते. रस्त्याच्या दोन्ही कडांना गोणपाटांवर रानातून उतरवलेली फळं मांडलेली असतात, कवंडळं, घागऱ्यो, तोरिंजनं, सुपारीचे लोंबते शिपटे. सगळीकडे ओल्या पानांचा, चिखलाचा आणि पिकत आलेल्या केळ्यांचा वास असतो. त्या वासात पिशवी धरून उभी राहून मी माझ्या जावेचा हेवा करत असते. या दिवसांत गोव्यातल्या बायका नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करतात. मी नेवऱ्याही करते आणि हेवाही करते.

गोव्याबाहेरच्या माणसाला माटोळी सांगावी लागते. गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगायची आणि तिला केवणीच्या सालीच्या दोरांनी रानातलं, कुळागरातलं म्हणजे पोफळीच्या बागेतलं, परसातलं जे जे पावसाने दिलं ते बांधायचं. सोनं-चांदी काही नाही. नारळ, काकडी, रानफळं, पानं, शेंगा. शिडीवर चढून बांधतात पुरुष, पण कुठे काय बांधायचं ते खालून मान वर करून बायका सांगतात. माटोळीला चार कडा असतात आणि एक मध्य असतो. मध्य बरोबर देवाच्या मुकुटावर येतो. दारातून आत येणाऱ्याची नजर आधी तिथे जाते.

आमच्या सर्वणच्या घरात तो मध्य माझा होता.

मी पेडण्याची. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माझे बाबा कदंबाच्या बसमधून कवंडळांची अख्खी वेल घेऊन आले होते. वेताच्या टोपलीत, केळीच्या पानात गुंडाळून, मांडीवर धरून. लालभडक गोल फळं, एकही ठेचलेलं नाही. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे मांय म्हणतो. मांय म्हणजे कौतुकाच्या बाबतीत अगदी हात आखडता. तिने वेल हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि शिडीवरच्या माझ्या नवऱ्याला म्हणाली, "ही मदीं लाय." बस, एवढंच. पण परक्या घरात नव्याने आलेल्या मुलीला तेवढं पुष्कळ होतं. पुढे बाबा गेले, तरी मी दरवर्षी पेडण्याला जाऊन भावाला रानात पिटाळायची आणि कवंडळं आणायची. मांय दरवर्षी म्हणायची, "मदीं लाय." मी दरवर्षी ऐकलं नाही असं दाखवून ते ऐकायची.

आणि तळी. आमच्या परसाखालीच गावची तळी आहे, चिऱ्यांच्या पायऱ्यांची. तिच्या दारातून सुटणाऱ्या पाण्यावर खालची वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताची, शेती होते, आणि गावचे गणपती तिच्यातच पोहोचवतात. मला पोहता येत नव्हतं. पेडण्याची असून पोहता येत नाही म्हणून मांय आधी हसली, मग एका दुपारी जेवणं उरकल्यावर मला घेऊन पाण्यात उतरली. माझ्या पोटाखाली हात धरून म्हणाली, "भियेवं नाका गो, हांव आसा." खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं, बारीक, मऊ, पायाला गुदगुल्या करणारं. दूरच्या कडेला साळकां, रानटी कमळं, फुललेली असायची, पांढरी. पाणी इतकं निवळ होतं की माझ्याच पायांची बोटं मला खाली हलताना दिसायची. आयुष्यात माझ्या पोटाखाली कुणी तसा हात धरलेला नव्हता. तळीला आणि मांयला मी तेव्हापासून आपलं मानत आले.

मग वृंदा आली.

वृंदा माझ्या धाकट्या दिराची बायको, आमोण्याची. जावाजावांचा उभा दावा म्हणतात, पण दावा मांडायला समोरचा माणूस जरा तरी वाईट असावा लागतो. इथे तीही सोय नव्हती. वृंदा हसून बोलायची, सगळ्यांशी बोलायची, कामाला वाघीण. सकाळी सायकलची पोंपों वाजली की पाव आणायला मी गेले तर पोदेर, आमचा पाववाला, वरचे पाव देई. ती गेली की टोपलीतलं फडकं बाजूला सारून तळातले ऊन ऊन उंडे काढून देई. मला मांय नावाने हाक मारायची. तिला लाडाने "बाये" म्हणायची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. कुणाला सांगणार? पोदेराने तिला ऊन पाव दिला, ही काय तक्रार झाली?

तिची पहिली चवथ, तो भाद्रपद मला आजही नजरेसमोर दिसतो. आदल्या दिवशी माटोळी बांधायला घेतलेली. माझी कवंडळं धुऊनपुसून, बांधायला लेस्त करून पाटावर ठेवलेली. इतक्यात आमोण्याहून तिचा भाऊ आला, हातात पत्र्याची बाल्दी. तिकडे मांडवीच्या कडेला खाजनं आहेत, खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेतं. पावसात मानशीच्या, बांधातल्या दाराच्या, आतल्या बाजूला गोडं पाणी साचतं, तिथून त्याने ही झाडं काढली होती. बाल्दीत पाणी होतं आणि पाण्यावर झाडं तरंगत होती. चकचकीत गोल पानं, फुग्यासारखे फुगलेले देठ, खाली काळ्या मुळांच्या झिपऱ्या. आणि वर फुलं. फिकट जांभळ्या रंगाचा तुरा, वरच्या पाकळीवर मोरपिसाचा डोळा असावा तसा पिवळा ठिपका. असं फूल आमच्या घरात कुणीच पाहिलेलं नव्हतं.

वृंदा म्हणाली, "मांय, हें खंय लावया?"

मांयने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मदीं लाय."

माझी कवंडळं जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीच्या, कडेला गेली.

चवथीचे दिवस घरात माणूस मावत नव्हतं. आरतीला आलेला प्रत्येकजण मान वर करी आणि विचारी, "हें फूल खंय मेळ्ळें?" मोबाइल वर जात होते, फोटो निघत होते. दिराच्या मित्रांनी ते कुठे कुठे पाठवले. घुमट वाजवणारी पोरं वाजवता वाजवता वर बघत होती. मी नेवऱ्यांचं ताट फिरवत होते आणि माझा आतल्या आत तिळपापड होत होता. दुसऱ्या दिवशी फुलांनी माना टाकल्या तेव्हा, देवासमोर खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण वृंदा न्हाणीत गेली आणि बाल्दीतली दुसरी झाडं घेऊन आली. तिने बाल्दीभर राखून ठेवली होती. रोज ताजा तुरा. त्या दिवसांत ते झाड जितकं मी बघितलं तितकं कुणीच बघितलं नसेल. लोक फूल बघून पुढे जात होते. मी देठाचा फुगा, पानाची शीर, मुळांचा रंगसुद्धा पाठ करत होते. प्रेमात पडलेलं माणूस एवढं बारकाईने बघतं आणि हेव्यात पडलेलं.

पाचव्या दिवशी गणपती निघाला. आमच्या घरची रीत अशी की नारळ सोडून माटोळीचं सगळं देवाबरोबर तळीत जातं. रानाचं होतं, पाण्याला दिलं. मूर्ती बुडाली, फळं तरंगत लांब गेली, माझी कवंडळं गेली. मग वृंदा घरी धावत जाऊन बाल्दी घेऊन आली. उरलेली झाडं तिने पायरीवरून हळूच पाण्यात सोडली आणि हात जोडले. म्हणाली, "हेंय देवाचेंच." बाकीचे तोवर घराकडे वळले होते, बघायला मी एकटीच. जांभळा तुरा वाऱ्याने पलीकडच्या कडेला सरकत गेला. मी मनात म्हटलं, गेलं एकदाचं.

गेलं कुठलं! दिवाळीला पलीकडच्या कडेला एक हिरवं सूप दिसू लागलं. शिगम्याला त्याची सतरंजी झाली. माणसं खूश होती. फुललं की सगळी कड जांभळी व्हायची, लग्न ठरलेली मुलं-मुली तिथे फोटो काढायला यायची. वरच्या उतारावर नव्या इमारतींचं काम चालू होतं. तिथली कोल्हापूरकडची एक गवंडीण एकदा कपडे धुवायला आली आणि पायरीवरच थबकली. म्हणाली, "अगं बया, ह्ये तर केंदाळ! आमच्याकडं नदीवरबी असंच पसरतंय." तेव्हा आम्हाला त्याचं नाव कळलं. पुस्तकात त्याला जलपर्णी म्हणतात. नाव किती नाजूक ठेवलंय!

पावसाळा लागेपर्यंत तळी दिसेनाशी झाली. खाली पाणी आहे यावर विश्वास ठेवावा लागायचा. साळकां कधी गेली ते कळलं नाही. सकाळी मासे वर तोंड काढून हवा ओढायचे, मग तेही दिसेनासे झाले. तळीचं दार मुळ्यांच्या झिपऱ्यांनी बुजलं आणि खालच्या शेतकऱ्यांत वायंगणाच्या पाण्यावरून बोलाचाली सुरू झाली. संध्याकाळी डासांमुळे पायरीवर बसवत नसे. मांयचे गुडघे तेव्हा धरले होते. ती पोहायची कधीच थांबली होती, पण वरच्या पायरीवर येऊन बसायची आणि त्या हिरव्या सपाटीकडे बघत म्हणायची, "उदक खंय गेलें गो?"

हे आलं कुठून, यावर गावात चर्चा चाले. कुणी म्हणे पक्ष्यांनी आणलं. कुणी म्हणे खाणीच्या खड्ड्यातून पुरात वाहत आलं. कुणी इमारतवाल्यांवर घसरे. माटोळीतला तो तुरा वर्षभरात सगळे विसरले होते. मी गप्प असे. मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी पलीकडच्या कडेला तो फुगलेला देठ बघून मी ओळखला होता. ज्याने पाच दिवस माझी झोप उडवली त्याला मी ओळखणार नाही? पण मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. हे चांगुलपण नव्हतं. बायका सुट्टे पैसे पदराच्या टोकाला बांधून ठेवतात, तशी मी ती गोष्ट बांधून ठेवली होती. तिच्याकडे सगळं होतं, ऊन पाव होते, मांयचं "बाये" होतं, माटोळीचा मध्य होता. माझ्याकडे ही एक गाठ होती. रात्रंदिवस मी ती चाचपून बघायची आणि मला जरा बरं वाटायचं.

मग पुढची चवथ आली. गणपती तळीवर नेला. तरुणांनी बांबूंनी झाडं रेटून पाण्यात जागा केली, ती करेपर्यंत मागून पुन्हा भरून यायची. शेवटी मूर्ती सोडली. बुडाली नाही. केंदाळावर बसून राहिली. तो हिरव्या गादीवरचा देव आमच्याकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून, तसाच. आरती म्हणणारे थांबले. पोरं हसायला लागली आणि मोठ्यांच्या तोंडाकडे बघून गप्प झाली. मांय वरच्या पायरीवरून मोठ्याने रडली. "देवाक बुडपाक उदक ना रे!" सासरे गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

गोष्ट अगदी माझ्या जिभेवर आली होती. आत्ता सांगावं, असं वाटलं. सगळा गाव समोर होता. पण तेवढ्यात वृंदा नेसत्या साडीनिशी पाण्यात उतरली. गळ्यापर्यंत. दोन्ही हातांनी मुळ्या फाडत ती मूर्तीपर्यंत पोहोचली, तिला मिठीत धरलं आणि तिच्यासकट खाली गेली. वर आली तेव्हा केसांपासून काळी झाली होती आणि चेहरा ओळखू येत नव्हता. पायरीवर येऊन म्हणाली, "फाल्यां सकाळीं हें काडपाक सुरू करया." विनंती नव्हती ती. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा गाव हजर होता. हा मान मी मागितला असता तर मला मिळाला असता? मी गेले होते, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओढत होते, पण माझं सगळं लक्ष तिच्याकडे कोण कोण बघतंय याकडे.

ते झाड ओढणं म्हणजे काय, ते ओढल्याशिवाय कळत नाही. एक धरलं की दहा येतात, सगळी एकमेकांना धरून असतात. दोर टाकून, बांबू लावून, वरून पुरुष आणि पाण्यातून बायका. काठावर ढीग पडले, कुजले, त्यांचं खत कुळागरात गेलं. अंगाला खाज, नखांत काळं, पेजेच्या वाटीलाही तोच वास. कितीतरी रविवार असे गेले. शेवटी पाणी दिसलं, आभाळ त्यात दिसलं, आणि मांयने वरून हात जोडले.

आठवडाभरात पाणी हिरवं झालं. पायऱ्यांवरचं ते गुदगुल्या करणारं शेवाळ नव्हे. सगळी तळीच हिरवी, कुणी रंगाचा डबा ओतावा तशी, आणि वर साय. माणसांनी बांबू टाकून दिले. शेतकीचा एक साहेब येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पाण्यात खाणं भरपूर आहे. वरच्या इमारतींचं, घरांचं सांडपाणी ओहोळातून तळीत येतंय. इतके दिवस ते केंदाळ खात होतं. केंदाळ काढलं, ऊन आत गेलं, आता शेवाळ खातंय. ताट तुम्हीच वाढताय, जेवणारा कुणीतरी येणारच. मग वृंदा दारोदार गेली. इमारतीतल्या दिल्लीकडच्या भाडेकऱ्यांशीसुद्धा हिंदीत बोलली. आणि सगळ्यांत आधी आमच्याच न्हाणीचं पाणी, जे पिढ्यान्‌पिढ्या परसातून उतरून तळीत जात होतं, तिने केळींकडे वळवलं. माझ्या डोक्यात ते कधी आलं नव्हतं. ओहोळाच्या तोंडाशी वेखंड आणि कर्दळ लावली. आणि तिथेच बांबूचं कुंपण घालून त्यात थोडं केंदाळ राखलं.

मी चिडले. म्हटलं, "परत तेंच? मुळासकट उपटून उडय."

ती म्हणाली, "रावूं दी वयनी. घाण पितलें तें. भायर येना म्हणून नदर दवरूंक जाय, तितलेंच." म्हणजे नजर ठेवायची, वाढलं की काढायचं. दर पंधरवड्याला कुणीतरी कुंपणातलं वाढलेलं काढतं आणि खताला टाकतं. माझ्या हेव्यालाही कुणी असं कुंपण घालून दिलं असतं तर त्यानेही थोडी घाण प्यायली असती.

पाणी निवळायला वेळ लागला. मासे आले, मग बगळे आले. वायंगणाला पाणी सुटलं. आणि मग व्हायचं ते झालं. देवळाच्या मंडपात वृंदाचा सत्कार. शाल, श्रीफळ, भाषणं. मी पहिल्या रांगेत मांयच्या शेजारी. एकेक भाषण म्हणजे माझ्या काळजावर एकेक निखारा. तळी वाचवणारी रणरागिणी म्हणे! माझ्या पदराची गाठ मला टोचू लागली. वाटलं, कार्यक्रम संपला की चहाला सरपंचाच्या बायकोच्या कानात घालू. एका कपाचं काम होतं.

वृंदा बोलायला उभी राहिली. माइक हातात, शाल खांद्यावर. म्हणाली, "ही शाल घेवपाक म्हाका लज दिसता. हें झाड तळयेंत हांवेंच हाडलां. म्हज्या पयल्या चवथीक, माटोळयेक. बाल्दी हांवेंच ओतली. म्हाका खबर नासलें. मागीर कळ्ळें तेन्ना सांगपाचो धीर जालो ना."

झाड आणलं ते तिनेच, हे तिने सगळ्या गावासमोर कबूल केलं. आणि मी? माझी गाठ तिने माझ्या देखत सोडली होती. तेवढी एक गोष्ट माझी होती, तीही तिने घेतली.

पण ती थांबली नाही. "म्हज्या वयनीक तें पयलींच कळ्ळेलें. तिच्या दोळ्यांत हांवें पळयलां. लोक कोणाकोणाक गाळी घालताले, पूण तिणें कोणाक एक उतर सांगलें ना. म्हजें नांव राखलें. ही शाल तिची." ती खाली उतरली, शाल माझ्या अंगावर घातली आणि पाया पडली. टाळ्या पडल्या. किती वेळ पडत होत्या. शेजारून मांयने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पोटाखाली धरलेला तोच हात. म्हणाली, "बरी गो तूं, बाये."

बाये.

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी जळले तो शब्द माझ्या मांडीवर येऊन पडला, आणि तो माझा नव्हता. मी हसले. डोळ्यांत पाणी आलं, ते लोकांना योग्यच वाटलं.

परवा बाजारातून कांगण्यो घेऊन आले. संध्याकाळी तळीवर गेले. साळकां परत आलीत, कडेला थोडी. कुंपणात केंदाळ फुललंय, सुंदर दिसतं, काय खोटं बोलायचं. पेडण्याहून भाऊ कवंडळं घेऊन येईल. आमच्या घरी आता माटोळी बांधताना वृंदा शिडीखाली उभी राहून मधला भाग रिकामा ठेवायला लावते. म्हणते, "मदीं वयनीचें." मांय मान हलवते.

वृंदाचा हेवा मी अजून करते, पण आता सवयीने. खरं पोटात दुखतं ते तिने त्या दिवशी मंडपात सांगितलेल्या वयनीमुळे. ती वयनी माझ्याच नावाने या घरात वावरते. लोक तिला वाट देतात, मांय तिला बाय म्हणते. आणि दरवर्षी चवथीला माझ्या हातातली कवंडळं घेऊन माटोळीच्या मधल्या जागेवर तीच बसते.